बाखाचे यंत्र आणि जेटिंगची गाडी

१

यंत्र आले की जात जाईल, ही समजूत आपल्या देशात बरीच जुनी आहे. तिचा सर्वांत ठसठशीत वाङ्मयीन आविष्कार मुल्कराज आनंद यांच्या 'अनटचेबल' या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कादंबरीच्या अखेरीस आढळतो. तिचा अलीकडचा राजकीय आविष्कार १ फेब्रुवारी २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात आढळतो. कादंबरीतला कवी सांगतो की मैला पाण्याने वाहून नेणारे यंत्र, म्हणजे फ्लश, आले की भंग्याला भंगी म्हणायला कारणच उरणार नाही. अर्थमंत्री सांगतात की शहरांतील मलवाहिन्या आणि सेप्टिक टाक्या पूर्णपणे यंत्राने उपसल्या जाव्यात अशी सोय होईल आणि 'मॅनहोल'चे 'मशीन-होल' होईल. या दोन विधानांमध्ये ८८ वर्षांचे अंतर आहे. परंतु दोहोंचा सांगाडा एकच आहे. घाण हे कारण, जात हा परिणाम. कारण दूर करा, परिणाम आपोआप दूर होईल.

हा सांगाडा तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी मी एक कादंबरी, एक चित्रपट, दोन कायदे आणि एक गाडी वाचणार आहे. गाडी म्हणजे जेटिंगची गाडी. तुंबलेली गटारे प्रचंड दाबाच्या पाण्याने मोकळी करणारी ही गाडी आता आपल्या शहरांतून सर्रास दिसते. वाङ्मयीन नियतकालिकात तिची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. जिच्यामुळे माणूस मरायचा थांबू शकतो, ती वस्तू दलित साहित्यविचाराच्या बाहेरची कशी असेल? शिवाय तिच्याबद्दल आज जी भाषा बोलली जाते, ती मुक्तीची भाषा आहे. आणि मुक्तीची भाषा कोण, कोणासाठी, कशाच्या बदल्यात वापरतो हे पाहणे हेच आपल्या समीक्षेचे काम आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. यंत्राला माझा विरोध नाही. माणसाला गटारात उतरवू नये, ही मागणी कोणत्याही अटीविना केली पाहिजे, आणि ती पुरी करायची तर यंत्र हवेच. परिश्रमाचे गोडवे गाऊन यंत्राला नाके मुरडणारी जी एक हळवी परंपरा आपल्याकडे आहे, तिला गटाराचा वास कधी आलेला नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. यंत्र नेमके काय करते आणि आपण त्याच्याकडून काय वदवून घेतो?

२

'अनटचेबल' ही बाखा नावाच्या तरुण भंग्याच्या एका दिवसाची कथा आहे. सकाळी तो पलटणीतल्या लोकांचे संडास साफ करतो, बाजारात एका सवर्णाला त्याचा स्पर्श होतो, त्याबद्दल त्याला थप्पड बसते, आणि संध्याकाळपर्यंत अपमानाचे एकेक रूप त्याच्यापुढे येत राहते. दिवस मावळताना लेखक त्याच्यापुढे तीन उत्तरे ठेवतो. पहिले ख्रिस्ती मिशनऱ्याचे, दुसरे महात्मा गांधींच्या भाषणातले, तिसरे त्या सभेनंतर बोलणाऱ्या सुशिक्षित कवीचे. हे तिसरे उत्तर म्हणजेच यंत्र. ई. एम. फॉर्स्टर यांनी कादंबरीला लिहिलेल्या प्रस्तावनेतही या उत्तराकडे वाचकाचे लक्ष मुद्दाम वेधले आहे.

आनंद यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. हृदयपरिवर्तनाच्या उपदेशावर प्रश्न सुटणार नाही, उत्पादनाची आणि सफाईची साधने बदलली पाहिजेत, हे १९३५ साली म्हणणे म्हणजे आध्यात्मिक धुक्यातून बाहेर येणे होते. तरीही या शेवटाची मर्यादा आज आपल्याला जितकी दिसते, तितकी तेव्हाच्या पुरोगामी वाचकाला दिसली नाही. पहिली मर्यादा अशी की बाखा या चर्चेत केवळ श्रोता आहे. त्याच्या मुक्तीविषयी बोलतात ते बॅरिस्टर आणि कवी. तो ऐकतो, त्याला थोडे कळते, थोडे कळत नाही, आणि आशा घेऊन तो घरी जातो. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. कवीचा फ्लश संडासातच थांबतो. साखळी ओढल्यावर पुढे काय होते, हे कादंबरी विचारत नाही.

हा प्रश्न मला प्रथम समीक्षेच्या ग्रंथात भेटला नाही. पदवीच्या वर्गात या कादंबरीचा शेवट शिकवत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, पण ते पाणी जातं कुठं?" त्याचे वडील एका नगरपालिकेत ड्रेनेजच्या कामावर होते. वर्गातल्या इतरांना तो प्रश्न अवांतर वाटला. मला मात्र वाटते, की या कादंबरीवरची मी ऐकलेली ही सर्वांत नेमकी टीका आहे. पाणी जाते नळात, नळातून चेंबरमध्ये, चेंबरमधून मोठ्या मलवाहिनीत. आणि ती तुंबली की तिथे बाखाचा नातू उतरतो.

साधने बदलून जात जात नाही, याचे पुरावे आपल्या राज्याच्या इतिहासात आहेत. तेव्हाच्या मुंबई सरकारने १९४९ साली सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली. पुढे १९५७ साली केंद्राने मलकानी समिती नेमली. या काळात सुधारणेचा मोठा भर डोक्यावरून मैला वाहणे बंद करण्यावर होता, आणि त्यावरचा उपाय होता हातगाडी. डोक्यावरची पाटी गाडीत आली. गाडी ढकलणारे हात तेच राहिले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांसारख्या गांधीवाद्यांनी संडासाचे नवे नमुने बनवून भंगीमुक्तीचा ध्यास घेतला. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. पण पाटी, हातगाडी, फ्लश, आणि आता जेटिंग अशी जी मालिका दिसते, तिच्यात प्रत्येक साधनाला मुक्तिदाता म्हटले गेले, आणि प्रत्येक साधनाच्या मागे उभा राहिलेला माणूस एकाच वस्तीतून आला.

३

आता गाडी पाहू. आपल्या लेखनात यंत्र फार वेळा नुसता शब्द म्हणून येते. ते कसे चालते हे समजून घेतल्याशिवाय त्याच्या गुणदोषांवर बोलता येत नाही.

जेटिंगच्या गाडीवर पाण्याची मोठी टाकी, इंजिनावर चालणारा दाबाचा पंप आणि रिळावर गुंडाळलेला जाड नळ असतो. नळाच्या टोकाला धातूची तोटी असते. कामगार तिला नोझल म्हणतात. या नोझलची बहुतेक छिद्रे मागच्या बाजूला तोंड करून असतात. हवेच्या नेहमीच्या दाबाच्या शंभर ते दोनशे पट दाबाने पाणी या छिद्रांतून मागे सुटते, आणि त्याच्या रेट्याने नोझल पुढे सरकते, नळाला आपल्यामागे ओढत नेते. म्हणून काम खालच्या चेंबरकडून सुरू करतात. नोझल उताराच्या उलट, वरच्या चेंबरकडे चढत जाते. मग रिळ फिरवून नळ मागे ओढला की पाण्याचे फवारे वाळू, चिखल, साचलेले तेलतूप, चिंध्या यांना लोटत खालच्या चेंबरपर्यंत आणतात. पूर्वी हेच काम बांबूच्या लांब कामट्या एकमेकींना बांधून, त्या नळात ढोसून, आणि शेवटी माणूस उतरवून केले जाई. त्या मानाने हे यंत्र फार मोठी गोष्ट आहे, हे कोणीही मान्य करील.

परंतु येथेच एक बारकावा आहे. जेटिंग तुंबा फोडते, घाण नाहीशी करत नाही. ती फक्त एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी लोटते. खालच्या चेंबरमध्ये आलेला गाळ तसाच सोडला तर तो पुढच्या नळात जाऊन बसतो. तो वर ओढायला सक्शनची वेगळी गाडी लागते, किंवा दोन्ही कामे करणारी महागडी गाडी लागते. तीही नसेल तर दोरी, बादली आणि माणूस लागतो. बांधकामाचा राडारोडा, दगड, सिमेंटचे गोळे पाण्याच्या दाबाला दाद देत नाहीत. मोठी गाडी चाळीच्या बोळात आणि झोपडपट्टीच्या गल्लीत शिरत नाही. आणि साचलेला गाळ ढवळला गेला की त्यात कोंडलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. या वायूचा कुजक्या अंड्यांसारखा वास थोड्या प्रमाणात येतो. प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला म्हणजे धोका टळला, असे समजणारा माणूस तिथेच कोसळतो. म्हणजे गाडी उभी असतानाही झाकणाशी वाकलेल्या माणसाचा जीव सुरक्षित असतोच असे नाही. त्याला वायू मोजण्याचे साधन, प्रशिक्षण आणि 'मी उतरणार नाही' असे म्हणण्याचा अधिकार लागतो. यातला शेवटचा अधिकार कोणत्याही यंत्राबरोबर येत नाही.

कोणत्याही शहरात रस्त्याच्या कडेला उभे राहून हे काम पाहावे. चालक गाडीत बसलेला असतो. एक जण पंपाचा दाब पाहतो. एक जण नोझल हातात धरून चेंबरच्या तोंडाशी ओणवा असतो, अनेकदा साध्या चपलेवर. आणि एक जण बाहेर आलेला गाळ फावड्याने ओढून कडेला लावत असतो. तो गाळ उन्हात वाळतो, मग पाटीत भरला जातो. येणारे-जाणारे नाकाला रुमाल लावतात आणि वळसा घालतात. वळसा गाडीला नसतो. तो त्या शेवटच्या दोघांना असतो.

४

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात एक भेद दाखवून दिला होता. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक अशी रचलेली. पुढे १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांच्या अस्पृश्यविषयक कार्याची चिकित्सा करताना त्यांनी सांगितले, की या देशात माणूस कामामुळे भंगी ठरत नाही, जन्मामुळे ठरतो. मग तो ते काम करो वा न करो. आनंद यांच्या कवीला दिलेले हेच खरे उत्तर आहे. काम बदलल्याने नाव पुसले जाईल, असे कवी म्हणतो. नाव कामातून आलेलेच नाही, असे बाबासाहेब सांगतात.

जेटिंगच्या गाडीवरची जी चार माणसे मी वर सांगितली, त्यांच्यात श्रमाची विभागणी आहे. ती कोणत्याही कारखान्यात असते. पण कोणती माणसे कोणत्या जागी उभी आहेत हे विचारले, की श्रमिकांची विभागणी दिसू लागते. केंद्र सरकारच्या 'नमस्ते' योजनेत गटारे आणि सेप्टिक टाक्यांचे काम करणाऱ्यांची नोंद सुरू झाली. २०२४ पर्यंत नोंदलेल्या सुमारे ३८,००० कामगारांपैकी ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे होते, आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागास मिळून हे प्रमाण जवळजवळ ९२ टक्के होते. ही योजना यांत्रिकीकरणाची आहे, हे ध्यानी घेतले पाहिजे. यंत्राच्या दारातही रांग जुनीच आहे.

कायद्याची भाषाही याच दृष्टीने वाचली पाहिजे. १९९३ च्या कायद्याने कोरडे संडास आणि हाताने मैला वाहणे यांवर बंदी आणली. २०१३ च्या कायद्याने गटारे आणि सेप्टिक टाक्यांतील धोकादायक सफाईही तिच्यात आणली. हा दुसरा कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, अमलात आला. तो पुढचे पाऊल आहे यात वाद नाही. परंतु त्याच्या व्याख्येत एक स्पष्टीकरण आहे. केंद्र सरकारने ठरवून दिलेली साधने आणि संरक्षक पोशाख घेऊन जो मैला साफ करतो, तो 'हाताने मैला साफ करणारा' गणला जाणार नाही. म्हणजे हातमोजे चढवले की माणूस व्याख्येबाहेर गेला. आनंद यांचा कवी येथे कायद्याचा मसुदा लिहायला बसलेला दिसतो.

या व्याख्येची राजकीय सोय लवकरच कळून आली. जुलै २०२१ मध्ये पँथरच्या चळवळीतून पुढे आलेले सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत सांगितले, की हाताने मैला साफ करण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारात मेलेले 'धोकादायक सफाई'च्या रकान्यात गेले होते. सरकारच्याच आकड्यांनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत अशा सफाईत ३७७ माणसे मेली. २०२२ आणि २०२३ मधील ५४ मृत्यूंची जी सामाजिक तपासणी सरकारने करविली, तिच्यात ४९ जणांच्या अंगावर संरक्षणाचे कोणतेही साधन नव्हते. मरण खरे होते. फक्त त्याचे नाव बदलले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी १० लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. कुटुंबाला ती मिळालीच पाहिजे. पण ज्या देशात मरणाची भरपाई तिपटीने वाढते आणि मरणे चालूच राहतात, तिथे 'मशीन-होल' हा शब्द ऐकून टाळ्या वाजवण्याआधी थांबले पाहिजे.

नावांचा हा खेळ जुना आहे. भंगी, हरिजन, सफाई कामगार, आणि २०२० पासून सरकारी मोहिमेत 'सफाईमित्र'. मित्राला कोणी कंत्राटावर ठेवत नाही, आणि मित्राच्या हातचे पाणी प्यायला कोणी कचरत नाही.

५

या विषयावरची मराठीतली सर्वांत महत्त्वाची कलाकृती कोणती, असे विचारले तर मी एका चित्रपटाचे नाव घेईन. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४). नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर खटला आहे. आरोप असा, की त्याचे गाणे ऐकून वासुदेव पवार या मॅनहोल कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. कांबळ्यांची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते-संपादक वीरा साथीदार यांनी केली. २०२१ साली ते कोरोनाने गेले. आपल्या चळवळीचा एक खरा माणूस त्या पडद्यावर कायमचा उभा आहे.

या चित्रपटाची थोरवी दोन गोष्टींत आहे. पहिली, सत्ता मरणाचे कारण कुठे शोधते हे त्याने दाखवले. कामगार विषारी वायूने गुदमरतो, आणि न्यायालय गाण्याच्या शब्दांची उलटतपासणी करते. त्याला साधने कोणी दिली नाहीत, हा प्रश्न बाजूला पडतो. कवीने काय म्हटले हा प्रश्न मध्यभागी येतो. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. मृत कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. उतरण्यापूर्वी तो आत खडा टाकायचा, झुरळ वर आले तर आत हवा आहे असे समजायचा, वास सोसावा म्हणून दारू प्यायचा, वायूने त्याचा एक डोळा गेला होता, हे ती कोरड्या आवाजात सांगते. पोटासाठी मिळवलेले, कोणत्याही पुस्तकात नसलेले हे ज्ञान तिच्या तोंडून न्यायालयाच्या दप्तरात जाते. प्रगत शहराचे वायुमापक यंत्र एक झुरळ होते, हे त्या साक्षीत नोंदले गेले. हे सांगताना दिग्दर्शकाने करुणेचे संगीत वाजवलेले नाही, ही त्याची समज.

परंतु 'कोर्ट'चा केंद्रबिंदू न्यायव्यवस्था आहे, गटार नाही. वासुदेव पवार आपल्याला कधी दिसत नाही. तो मेल्यावरच चित्रपटात येतो, दुसऱ्यांच्या बोलण्यातून. हा दोष नव्हे, ती त्या कलाकृतीची निवड आहे. मात्र त्यामुळे उरलेले काम कोणाचे, हा प्रश्न आपल्याकडे येतो. जिवंत वासुदेव पवारबद्दल कोण लिहिणार?

६

येथे आपल्या साहित्याकडे वळणे भाग आहे. १९६० नंतरच्या दलित साहित्याने मराठी भाषेला जे दिले, त्याचा पुनरुच्चार करण्याची गरज नाही. बाबुराव बागुलांची कथा, नामदेव ढसाळांची 'गोलपिठा' (१९७२), दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) यांनी प्रस्थापित अभिरुचीने झाकून ठेवलेले जग उघडे केले. गटार, मैला, नरक हे शब्द मराठी कवितेत मानाने आले ते याच परंपरेमुळे.

तरी माझे निरीक्षण असे आहे, की आपल्या कवितेत गटार बहुधा प्रतिमा म्हणून आले. सडलेल्या समाजाचे रूपक म्हणून आले. कामाची जागा म्हणून ते फार थोडे आले. त्या जागेला खोली असते, उतार असतो, चेंबरचे अंतर असते, पावसाळ्यापूर्वीची घाई असते, मुकादम असतो, कंत्राटदार असतो, हजेरी असते. रूपकाला यांपैकी काहीच लागत नाही. म्हणून रूपक लवकर थकते. गेली अनेक वर्षे नवोदित कवींच्या हस्तलिखितांत मी 'व्यवस्थेचे गटार' वाचतो आहे. ते गटार कधी तुंबत नाही आणि त्यात कधी कोणी गुदमरत नाही.

याचे एक कारण आपल्याला अप्रिय वाटेल, पण ते सांगितले पाहिजे. मराठी दलित साहित्याचा मोठा भाग पूर्वाश्रमीच्या महार समाजातून, आणि नंतर मातंग, चर्मकार व भटक्या-विमुक्त समाजांतून आला. मेहतर, रुखी, वाल्मीकी या ज्यांच्यावर हे काम पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले, त्यांचा स्वतःचा मराठी आवाज आपल्या पानांवर फार क्षीण आहे. अरुण ठाकूर आणि महम्मद खडस यांच्या 'नरक सफाईची गोष्ट' या पुस्तकाने या समाजाचे जगणे मराठी वाचकांपुढे आणले. पण ते बाहेरून, आस्थेने केलेले काम आहे. आतून आलेली आत्मकथने आपण मागितली पाहिजेत, आणि नुसती वाट न पाहता त्या वस्त्यांत जाऊन मागितली पाहिजेत.

दुसरे कारण शिक्षणाचे आहे. आमच्या पिढीतले जे पहिल्यांदा पदवीधर झालो, त्यांना शिक्षणाचा अर्थ त्या कामापासून दूर जाणे असाच शिकवला गेला, आणि ते रास्तच होते. परंतु महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. बी. ए. झालेला मुलगा वडिलांच्या जागी सकाळी सहाला चौकीवर हजर राहतो. त्या नोकरीला पगार आहे, सुरक्षितता आहे, म्हणून कुटुंबे हा हक्क घट्ट धरून ठेवतात. कंत्राटी जगात हाती असलेली कायम नोकरी त्यांनी सोडावी, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण कामगाराला वारसा म्हणून काम मिळते, मालकाला वारसा म्हणून मालमत्ता मिळते, हा फरक लेखकाने पाहायला नको काय? शिकलेल्या मुलाने झाडू हातात घेताना घरात काय बोलले जाते? प्रमाणपत्र कोणत्या ट्रंकेत राहते? जेटिंगची गाडी चौकीत आली तेव्हा तिचा पंप चालवायला त्याला शिकवले, की नोझल धरायला उभे केले? या प्रश्नांत कादंबरी आहे. ती अद्याप माझ्या वाचनात आलेली नाही.

७

यंत्राच्या मालकीविषयी अलीकडे एक नवा विचार पुढे आला आहे, आणि त्याचा उगम पुण्यात आहे. २००५ साली पुण्यात सुरू झालेल्या दलित उद्योजकांच्या 'डिक्की' या संघटनेच्या साहाय्याने २०१७ साली हैदराबादेत अरुंद गल्ल्यांत शिरणाऱ्या छोट्या जेटिंग गाड्या आणल्या गेल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीत अशा २०० गाड्या सुरू झाल्या, आणि गाडीचे मालक होण्यात सफाई कामगारांच्या व गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना प्राधान्य देण्याचे ठरले. नवरा गटारात गमावलेल्या बाईच्या नावावर गाडी व्हावी, ही कल्पना हृदयाला भिडणारी आहे. तिला हसण्याचे पाप मी करणार नाही. दोरीला लटकलेला माणूस आणि स्वतःच्या गाडीचे कागद खिशात असलेला माणूस यांत खरोखर फरक आहे.

पण विचाराच्या पातळीवर एक प्रश्न विचारलाच पाहिजे. यंत्राची मालकी दलिताला द्यायची ठरल्यावर शासनाला आणि समाजाला पहिल्यांदा आठवते ती गटाराचीच गाडी का? औषधांचा कारखाना, छापखाना, साखर कारखान्याचे संचालकपद यांची आठवण का होत नाही? गटाराच्या यंत्रावर पहिला हक्क दलिताचा आणि उरलेल्या सर्व यंत्रांवर पहिला हक्क इतरांचा, ही वाटणी चाकांवर चढलेली जातच आहे. तिने जीव वाचतो, म्हणून ती स्वीकारावी. तिला मुक्ती म्हणू नये.

मग कसोटी कोणती? माझ्या मते ती साधी आहे. ज्या दिवशी जेटिंगच्या गाडीवर कामाची जाहिरात निघेल आणि त्या रांगेत कोणत्याही आडनावाचा मुलगा यंत्रविद्येचे प्रमाणपत्र घेऊन उभा राहील, पगार चांगला आहे म्हणून उभा राहील, त्या दिवशी हे काम केवळ काम झाले असे म्हणता येईल. आणि त्याच वेळी पूर्वीच्या कामगाराच्या मुलीला त्या रांगेत उभे राहावेच लागू नये, इतकी दुसरी दारे उघडी असली पाहिजेत. यांतली एकच गोष्ट झाली तर ती सुधारणा आहे. दोन्ही झाल्या तर तो बदल आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत माणसाकडून होणारी मैलासफाई आणि गटारसफाई बंद करण्याचे आदेश दिले. त्या आदेशाचा पाठपुरावा कार्यकर्त्यांनी करायचा आहे: गावात गाडी किती, सक्शन किती, वायुमापक किती, कंत्राटात मूळ मालक कोण, उतरवणाऱ्यावर गुन्हा नोंदला की नाही. हे कागद मागणे हीदेखील चळवळ आहे.

लेखकांचे काम याहून निराळे नाही. आनंद यांच्या बाखाने कवीचे भाषण ऐकले आणि तो यंत्राचा विचार करीत घरी गेला. त्याला बोलायला मिळाले नाही. आज त्याच्या जागी जो उभा आहे, त्याने यंत्र हातात धरलेले आहे. नोझल कशी उसळते, दाब किती ठेवायचा, कोणत्या गल्लीतला नळ कुठे खचला आहे, साहेबाने कोणत्या दिवशी गाडी बंद आहे म्हणून 'जरा उतरून बघ' म्हटले, हे त्याला ठाऊक आहे. आता भाषण त्याचे व्हावे आणि बॅरिस्टराने, कवीने, प्राध्यापकाने ऐकावे. आपल्या नियतकालिकांनी त्यासाठी पाने राखून ठेवावीत. त्याचे शुद्धलेखन नंतर पाहता येईल.